चाक थोडं, पाऊल जास्त

अगं, कॅमेरा हातात आला म्हणून लगेच फिल्म घालू नकोस. हा घडीचा पोलरॉइड, एसएक्स-७०, दिसायला देखणा आहे. उजेड तो स्वतः मोजतो, शटर तोच उघडतो-मिटतो, फोटोही तोंडातून बाहेर काढून देतो. फोकसच्या बाबतीत मात्र तो तुला बोटभरही मदत करणार नाही. ते काम तुझं. आणि आजच्या पॅकमध्ये फोटो मोजून आठ निघतात. मोबाइलवर पन्नास काढायचे आणि त्यातला एक ठेवायचा, तो धंदा इथे चालत नाही. मूळ कंपनीने २००८ साली ही फिल्म बंद केली. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेच्या कारखान्यात काही हट्टी मंडळींनी ती पुन्हा उभी केली आणि २०१० पासून ती परत मिळू लागली. मिळते, पण स्वस्त नाही. तेव्हा प्रत्येक फोटोआधी अर्धा मिनिट डोकं चालव.

माझी हयात स्टुडिओत गेली. तातडीचे पासपोर्ट फोटो, मुंजी, लग्नं, वाढदिवस, सगळं केलं. आमचे मास्तर फारसं बोलायचे नाहीत, पण नव्या पोराच्या हातात कॅमेरा देताना एक वाक्य हमखास ऐकवायचे: "चाक थोडं, पाऊल जास्त." पुढे मी जे सांगतोय तो या एका वाक्याचाच विस्तार आहे. वाचून झाल्यावर बाकी विसरलीस तरी चालेल, एवढं वाक्य ध्यानात ठेव.

आधी कुळशील बघ

एसएक्स-७० या नावाने बरीच भावंडं निघाली. आपल्याकडचं नेमकं कोणतं, हे पाहिल्याशिवाय सल्ला उपयोगाचा नाही. एडविन लँड यांच्या पोलरॉइडने पहिला एसएक्स-७० आणला १९७२ साली. तो रिफ्लेक्स आहे, म्हणजे ज्या लेन्समधून फोटो निघतो त्याच लेन्समधून तू बघतेस. लेन्स ११६ मिलिमीटरची, आत काचेची चार भिंगं, पूर्ण उघडली की एफ/८. वरचं दातेरी चाक फिरवलं की सर्वांत पुढचं भिंग मागेपुढे सरकतं आणि साधारण २६ सेंटिमीटरपासून थेट क्षितिजापर्यंत कुठेही फोकस धरता येतो.

अगदी सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत बघायला नुसता पडदा होता. फोकस जमला की नाही हे नजरेच्या अंदाजानेच ठरवावं लागे. दुभागलेल्या प्रतिमेचं छोटं वर्तुळ नंतर आलं. तुझ्या कॅमेऱ्यात डोकावून बघ. चौकटीच्या खालच्या अर्ध्या भागात वर्तुळ दिसलं, तर अर्धी लढाई जिंकलीस.

१९७५ साली निघालेलं मॉडेल ३ मात्र रिफ्लेक्स नाही. त्यात बघायची खिडकी वेगळी आणि अंतर अंदाजाने लावायचं. १९७८ चं सोनार मॉडेल ध्वनिलहरी सोडून अंतर आपणच मोजतं, पण त्यावरही हाताने फोकस करायची सोय आहे. काचेआडून फोटो काढताना ती वापरावीच लागते, कारण आवाज काचेवर आपटून परत येतो आणि कॅमेरा काचेलाच विषय समजतो.

डोळा कुठे ठेवायचा

या कॅमेऱ्यात प्रकाश सरळ डोळ्यात येत नाही. लेन्समधून आत शिरतो, आरशावर वळतो, फिल्मवर झाकण घातल्यासारख्या बसलेल्या बारीक खाचांच्या फळीवर पडतो, तिथून उलट फिरतो आणि मग तुझ्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबलं की ती फळी वर उचलली जाते आणि तिच्या पोटाला लावलेला आरसा प्रतिमा फिल्मवर टाकतो. एवढी वळणं असल्यामुळे डोळा जरा इकडेतिकडे झाला, तरी आतलं चित्र काळवंडतं.

म्हणून पहिला नियम: चौकटीचे चारही कोपरे दिसल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही. डोळा खिडकीला चिकटवू नकोस. किंचित मागे ठेव, वरखाली कर, एक कोपरा कापला जात असेल तर डोकं हलव, कॅमेरा नको. वर्तुळाचा वरचा किंवा खालचा अर्धा भाग काळा दिसत असेल, तर फोकस चुकलाय असं समजू नकोस. डोळा जागेवर नाही, एवढाच त्याचा अर्थ. डोळा सरळ आला की काळा भाग आपोआप उजळतो.

चष्मा असेल तर घालूनच बघ. दुहेरी नंबरचा असेल तर दर वेळी काचेच्या एकाच भागातून बघायची सवय लाव. एकदा वरून, एकदा खालून बघितलंस तर हाताला फोकसचा अंदाज कधीच बसणार नाही.

तुटलेली रेघ जोड

वर्तुळ मधोमध आडवं कापलेलं असतं. समोर एखादी उभी रेघ घे, समजा दाराच्या चौकटीची कड. फोकस नसेल तर तीच कड वरच्या अर्ध्यात एका जागी आणि खालच्या अर्ध्यात थोडी सरकून दिसेल, मधे तुटल्यासारखी. चाक फिरव. दोन तुकडे एकमेकांकडे सरकू लागतात. जुळले, अखंड रेघ झाली, की फोकस बसला.

इथे घाई करणारे एक गोष्ट विसरतात. रेघ जुळल्यासारखी वाटली की ते थांबतात. तू थांबू नकोस. थोडी पुढे जा, म्हणजे रेघ दुसऱ्या बाजूला तुटेल. परत ये, पुन्हा किंचित ओलांड. दोन्हीकडून ती नेमकी कुठे तुटते हे दिसलं की मधली जागा बोटाला कळते. पलीकडे जा, अलीकडे ये, मधे थांब. हे तीनदा करायला दोन सेकंद लागतात आणि चुकीचं प्रमाण निम्म्यावर येतं.

उभी रेघच हवी. आडव्या रेघेवर हे वर्तुळ आंधळं असतं. टेबलाची कड, क्षितिज, भुवई, ओठांची रेघ यांत ते काहीच सांगणार नाही, सगळं कायम जुळलेलंच दिसेल. समोर उभी रेघ नसेल तर कॅमेरा सरळ काटकोनात आडवा कर, आडव्या रेघेवर फोकस धर आणि कॅमेरा पुन्हा सरळ कर. मात्र अंतर तेवढंच राहिलं पाहिजे.

दुसरं, एकसारख्या रेघांपासून सावध राहा. खिडकीचे गज, चौकड्यांचा शर्ट, जाळीचा दरवाजा, बांबूचा पडदा. यांत एका गजाचा वरचा तुकडा शेजारच्या गजाच्या खालच्या तुकड्याशी बरोबर जुळतो आणि नजरेला अखंड रेघ दिसते. फोटो निघतो तेव्हा सगळंच धूसर. अशा जागी गज सोड आणि त्याच अंतरावरचं काहीतरी एकटं धर: कडी, कुलूप, दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलची कड.

चेहऱ्यावर कुठे धरायचं

माणसाचा फोटो असेल तर फोकस डोळ्यावर, आणि तोंड थोडं वळलेलं असेल तर कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. नाकाचा शेंडा जरा धूसर झाला तरी कोणी बोलत नाही. डोळा धूसर झाला की फोटो 'आउट' आला म्हणतात, आणि ते बरोबरच म्हणतात.

पण डोळ्यात उभी रेघ सापडणं कठीण असतं. बुबुळाची बाजूची कड बघ. माणसाला चष्मा असेल तर देवच पावला, फ्रेमची उभी बाजू घे. नाहीतर कपाळावरचा भांग, मानेवरून सरळ खाली आलेली बट, हे सगळं चालतं. अट एकच: जे धरशील ते डोळ्याच्या पातळीत असलं पाहिजे. कान डोळ्याच्या मागे असतो. जवळून फोटो काढताना कानातल्यावर फोकस धरलास तर कानातलं झळकेल आणि डोळे मऊ पडतील.

वर्तुळ चौकटीत खाली असल्यामुळे आणखी एक घोळ होतो. चेहरा आपल्याला चौकटीत वर हवा असतो. मग डोळ्यावर फोकस धरायला कॅमेरा वर करायचा आणि नंतर मान डोलवल्यासारखा खाली झुकवायचा, असं सगळे करतात. तीन मीटरवर याने फारसं बिघडत नाही. एका मीटरवर कॅमेरा पंधरा अंश झुकवलास तर फोकस डोळ्याच्या साडेतीन सेंटिमीटर मागे जाऊन बसतो. त्याहून जवळ गेलीस तर एवढी चूक फोटो घालवायला पुरेशी आहे. त्यापेक्षा कॅमेरा न झुकवता गुडघे वाकव आणि कॅमेरा सरळच्या सरळ खाली आण. लिफ्ट उतरते तसा.

आता पावलाची गोष्ट

चाकाने फोकस जवळपास आणायचा आणि शेवटची रेघ शरीराने जुळवायची. मास्तरांचं वाक्य ते हेच. एका मीटरच्या आत आलीस की चाक फिरवत बसण्यात अर्थ नसतो. चाकावरून बोट जरा घसरलं की रेघ पार पलीकडे जाते, समोरचा माणूस हलतो, तू पुन्हा फिरवतेस, तो पुन्हा हलतो. चाक एका जागी सोड. एक पाय पुढे, एक मागे, वजन दोन्ही पायांवर. आता कंबरेतून अगदी हळू पुढेमागे हो. रेघ तुटेल, जुळेल, तुटेल. जुळली त्या क्षणी बटण.

हा काही आमच्या स्टुडिओचा शोध नाही. पोलरॉइडनेच १९७१ साली 'बिग शॉट' नावाचा एक अवजड कॅमेरा काढला होता, फक्त चेहऱ्याचे फोटो काढण्यासाठी. त्याला २२० मिलिमीटरची प्लास्टिकची लेन्स होती आणि फोकस कायमचा बांधलेला, साधारण एका मीटरवर. फोकसचं चाकच नाही! खिडकीत दोन प्रतिमा दिसायच्या आणि त्या एकावर एक बसेपर्यंत फोटोग्राफरने स्वतः पुढेमागे सरकायचं. चित्रकार अँडी वॉरहॉल याच कॅमेऱ्याने माणसांचे फोटो काढायचा आणि त्यावरून मोठाली रंगीत चित्रं छापायचा. बिग शॉट १९७३ साली बंद झाला, पण तो कॅमेरा ज्याच्या हातून गेला त्याला एक गोष्ट आयुष्यभरासाठी कळली: फोकस म्हणजे अंतर, आणि अंतर पायांनी ठरतं.

फूल, मुंगी, अंगठी अशा जवळच्या गोष्टींसाठी तर हाच एक मार्ग. चाक सर्वांत जवळच्या टोकाला नेऊन ठेव. मग कॅमेरा डोळ्याला लावून वस्तूकडे झुकत जा. कोपर टेबलावर किंवा गुडघ्यावर टेकव, म्हणजे झुकणं हातात राहतं.

किती चूक खपते

हे पाठ असलं की उगाच घाबरायला होत नाही. पोलरॉइड आपण मोठा करत नाही. आहे तेवढाच, हातात धरून बघतो. त्यामुळे कागदावर ०.२ मिलिमीटरपर्यंतचा धूसरपणा डोळ्याला टोचत नाही असं धरायला हरकत नाही. त्या हिशेबाने लेन्स पूर्ण उघडी असताना, म्हणजे एफ/८ ला, काय पदरात पडतं ते बघ.

सर्वांत जवळ, २६ सेंटिमीटरवर, तीक्ष्ण पट्टा दोन सेंटिमीटरचाही नाही. ६० सेंटिमीटरवर साधारण सात. एका मीटरवर वीतभर, निम्मा पुढे आणि निम्मा मागे. तीन मीटरवर मात्र पुढे पाऊण मीटर आणि मागे दीड मीटरहून थोडं जास्त, म्हणजे दोन-सव्वादोन मीटरपासून साडेचार मीटरपर्यंत सगळं चांगलं. आठ-साडेआठ मीटरवर फोकस ठेवलास तर चार मीटरपासून क्षितिजापर्यंत काळजीच नको.

यातून दोन शहाणपणाच्या गोष्टी निघतात. देखावा टिपायचा असेल तर चाक अगदी शेवटच्या टोकाला नेऊ नकोस. आठ मीटरवरच्या झाडावर फोकस धर, डोंगर फुकट मिळेल आणि समोरचं कुंपणही. आणि दोघांचा जवळून फोटो असेल तर त्यांना एका ओळीत आण. एक पुढे, एक मागे बसला असेल तर वीतभर पट्ट्यात दोघं मावत नाहीत. नम्रपणे सांग, "काकू, जरा पुढे या." काकू पुढे येतात. लेन्सला कितीही विनवलं तरी ती ऐकत नाही.

भर उन्हात कॅमेरा लेन्स आपोआप बारीक करतो, त्यामुळे पट्टा वाढतो आणि बऱ्याच चुका झाकल्या जातात. सावलीत, घरात, संध्याकाळी लेन्स पूर्ण उघडते आणि झाकलेलं सगळं उघडं पडतं. म्हणून सराव घरात कर. उन्हात जमलेला फोकस म्हणजे परीक्षा पास झाल्याचा दाखला नव्हे.

फ्लॅशचं एक गुपित लक्षात ठेव. एसएक्स-७० ला फ्लॅश लावला की लेन्स किती उघडायची हे कॅमेरा फोकसच्या चाकावरून ठरवतो. चाक जवळ तर लेन्स बारीक, चाक लांब तर मोठी. त्यामुळे फ्लॅशमध्ये फोकस चुकला की उजेडही चुकतो. माणूस दोन मीटरवर आणि चाक एका मीटरवर राहिलं तर चेहरा धूसरही येणार आणि काळाही. लोक फ्लॅशला दोष देतात. दोष चाकाचा असतो.

अंधारात काय करायचं

एफ/८ ची लेन्स आणि इतके आरसे, त्यामुळे संध्याकाळी आतलं चित्र मंद दिसतं. रेघच दिसत नाही तर जुळवणार काय? अशा वेळी मोबाइलचा टॉर्च लावून समोरच्याला गालाजवळ धरायला सांग, डोळ्याच्या पातळीत. वर्तुळात तो उजेडाचा ठिपका वर-खाली तुटलेला दिसेल. तो एकावर एक आण. टॉर्च बंद करायला सांग, मान हलवू नको म्हणून सांग आणि बटण दाब.

आता फिल्मचा मुद्दा. ६०० फिल्म मूळ एसएक्स-७० फिल्मपेक्षा सुमारे चौपट वेगवान असते. या जुन्या कॅमेऱ्यात ती वापरायची तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. तो लेन्सवर लावलास तर तुझ्या डोळ्यापर्यंत येणारा उजेडही कापला जाईल आणि फोकस करणं अवघड होईल. त्याऐवजी पॅकवर सरकवायचा पातळ फिल्टर मिळतो तो घे. तो फक्त फिल्मसमोर बसतो, खिडकीतलं चित्र उजळच राहतं. आणि आय-टाइप फिल्म घेऊ नकोस. त्यात बॅटरी नसते आणि या कॅमेऱ्याला वीज पॅकमधूनच मिळते.

गाठींची दोरी

खिडकीतून फोकस न करता येणारे झटपट कॅमेरे आज जास्त दिसतात. इन्स्टॅक्स वाइड ३०० वर दोनच जागा: ०.९ ते ३ मीटर आणि ३ मीटरच्या पुढे. लोमोइन्स्टंट वाइडवर तीन: ०.६ मीटर, १ ते २ मीटर आणि अनंत. तुझ्या मैत्रिणीकडे यातला एखादा असेलच. तिला सांग की इथे सगळी कला अंतर ओळखण्यात आहे, आणि त्यासाठी आपल्या बापजाद्यांची मापं अजून कामाला येतात. वीत म्हणजे साधारण २०-२२ सेंटिमीटर. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५. दोन्ही हात पसरून धरलेली वाव जवळजवळ आपल्या उंचीइतकी. स्वतःची मापं एकदा टेपने मोजून ठेव. माणसागणिक फरक पडतो, आणि फोटोत दुसऱ्याची वीत चालत नाही.

त्याहून पक्कं साधन म्हणजे सुतळी. तुझ्या एसएक्स-७० साठीही करून ठेव. चाक सर्वांत जवळच्या टोकाला ने, पुस्तकाच्या कण्यावर रेघ जुळव आणि लेन्सपासून पुस्तकापर्यंत सुतळी ताणून पहिली गाठ मार. मग चेहऱ्यासाठी तुला जे अंतर बरं वाटतं, तिथे चाक लावून दुसरी गाठ. छापील आकड्यावर विसंबायचं नाही, आपल्या कॅमेऱ्याने दाखवलेल्या जागीच गाठ पडली पाहिजे. अंधारात, गर्दीत, लहान मूल एका जागी बसत नसताना सुतळीचं एक टोक लेन्सजवळ धर, गाठ मुलाच्या डोळ्याजवळ ने, सुतळी सोड आणि बटण दाब. खिडकीतून बघायची गरजच नाही.

दोन प्रतिमांचे कॅमेरे

फोटो सोलून काढायच्या जुन्या पॅक फिल्मचे पोलरॉइड, १९६३ पासून निघालेले घडीचे ऑटोमॅटिक, आणि आजचा मिंट कंपनीचा आरएफ७० यांत रेंजफाइंडर असतो. खिडकीच्या मध्यावर फिकट ठिपका दिसतो, त्यात त्याच वस्तूची दुसरी प्रतिमा. ती सरकवत मूळ प्रतिमेवर बसवायची. सगळे नियम तेच: उभी रेघ, गजांपासून सावध, ओलांडून परत.

ठिपका फारच फिका असेल तर आधी पुढच्या दोन्ही छोट्या काचा मऊ फडक्याने पुसून घे. बहुतेक वेळा धूळच असते. तरीही फिका वाटला तर खिडकीच्या पुढच्या काचेवर बरोबर मध्यभागी काळ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लाव. तिथली मूळ प्रतिमा झाकली जाते आणि दुसरी प्रतिमा उठून दिसते. मग ती आजूबाजूच्या चित्रातल्या रेघेशी जुळवायची. काम झालं की पट्टी काढून टाक, काचेला डाग पडत नाही.

मॉडेल १८० आणि १९५ यांवर 'बी' शटर आहे, म्हणजे बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं राहतं. त्यांचा रेंजफाइंडर खरं सांगतो की नाही हे फिल्म न घालवता तपासता येतं. रिकाम्या पॅकच्या तोंडावर दुधी चिकटपट्टी ताणून लाव, पाठचं झाकण उघडं ठेव, शटर उघड आणि पट्टीवर पडलेली उलटी प्रतिमा भिंगाने बघ. रेंजफाइंडरने जुळवलेली वस्तू तिथेही तीक्ष्ण असेल तर कॅमेरा खरा. पॅक फिल्म मात्र आता सहज मिळत नाही, फुजीची शेवटची एफपी-१००सी २०१६ साली बंद झाली. कपाटात पॅक उरले असतील तर जपून वापर.

फोटोच सांगतो काय चुकलं

फोटो बाहेर आला की तो उजेडापासून झाकून उलटा ठेव आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावू नकोस. अर्धवट उमटलेला रंगीत पोलरॉइड नेहमीच धूसर दिसतो. त्यावरून फोकसचा निकाल देणं म्हणजे भात शिजायच्या आत चव घेणं.

नीट उमटल्यावर जवळून बघ. फोटोत कुठेतरी, नको तिथे का होईना, काही तीक्ष्ण असेल, समजा मागची भिंत, तर फोकस चुकलाय. मागचं तीक्ष्ण असेल तर चाक लांब राहिलं, पुढचं असेल तर जवळ. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं, डोळ्याला दोन कडा, दिव्याची रेघ झालेली, तर फोटो हललाय. फोकसचा काही दोष नाही. घरातल्या उजेडात या कॅमेऱ्याचं शटर पाव-अर्धा सेकंद सहज उघडं राहतं, आणि फारच अंधार असेल तर चौदा सेकंदांपर्यंत. भिंतीला पाठ टेकव, श्वास अर्धा सोड, बटण हळू दाब. बटण दाबल्यावर आरसा वर जातो, मग फोटो निघतो, त्यामुळे आवाज पूर्ण थांबेपर्यंत हात हलवायचा नाही. आणि तिसरी गोष्ट: सगळंच सारखं मऊ, कुठेच धार नाही, तर लेन्सवर बोटाचा ठसा असेल किंवा तू २६ सेंटिमीटरच्या आत घुसली असशील.

एक फोटो परीक्षेसाठी राखून ठेव. आधी फिल्मशिवाय होईल ते कर: लांबचा मोबाइल टॉवर किंवा पाण्याची टाकी घे आणि चाक दूरच्या टोकाला ने. टॉवरची रेघ तिथे जुळली पाहिजे. मग घरात, खिडकीच्या उजेडात, पाच काडेपेट्या उभ्या ठेव, तिरक्या रांगेत, प्रत्येक आधीच्या पेटीपेक्षा तीन सेंटिमीटर मागे. कॅमेरा ६० सेंटिमीटरवर पुस्तकांच्या ढिगावर घट्ट बसव. पहिल्या मॉडेलला ट्रायपॉडचा आटा नसतो, त्याला वेगळा जोड लागतो. फोटो बाहेर येतो त्या फटीसमोर काही आडवं येऊ देऊ नकोस. मधल्या पेटीवर रेघ जुळव आणि फोटो काढ. फोटोत मधलीच सर्वांत तीक्ष्ण असेल तर तुझा कॅमेरा निर्दोष. पुढची किंवा मागची असेल तर आतली फळी किंवा आरसा जागेवर बसत नाही, आणि तो जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्यायला हवा. स्वतः स्क्रू उघडू नकोस.

आणि सवय म्हणून प्रत्येक फोटोच्या पाठीवर मऊ पेनने दोन गोष्टी लिही: अंतर किती होतं आणि उजेड कुठला होता. पुढच्या पॅकला ही टिपणं कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवतील, कारण ती तुझ्या कॅमेऱ्याची आणि तुझ्या हाताची असतील.

पहिला पॅक असा वापर: एक काडेपेट्यांना, दोन घरातल्या माणसांना एका मीटरवर, एक ६० सेंटिमीटरवर, एक अगदी जवळच्या वस्तूला, एक तीन मीटरवरच्या चौघांना, एक आठ मीटरवर फोकस ठेवून देखाव्याला. आठवा तुझ्या मर्जीचा. सगळे टेबलावर मांड, पाठीवरचं वाच, आणि ज्या अंतरावर तुझी चूक होते त्या अंतरावर आठवडाभर फिल्मशिवाय सराव कर. रेघ जुळवायला फिल्म लागत नाही, आणि रिकाम्या कॅमेऱ्यावर हात बसला की पुढच्या पॅकमधले सहा-सात फोटो तरी खात्रीने शार्प येतात.